अडीच वाजता भेटू: डॅनिश शिकणाऱ्या मुलीच्या इंटर्नशिपबद्दल

प्रश्न थोडक्यात असा होता: "ताई, मी मूळची कोल्हापूरची. उत्तर जर्मनीतल्या एका विद्यापीठात स्कँडिनेव्हियन भाषांचं बीए करते. डॅनिश मुख्य, स्वीडिश जोडीला. तिसरं सेमिस्टर चालू आहे. आठ आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. कोपनहेगनला साठेक ठिकाणी ई-मेल टाकले: प्रकाशक, मोठी संग्रहालयं, दोन-तीन स्टार्टअप. चार उत्तरं आली, चारही नकाराची. घरचे विचारतात, या भाषेचा उपयोग तरी काय? माझं नेमकं काय चुकतंय?"

तू नमुन्यादाखल जोडलेला ई-मेल वाचला. इंग्रजी छान आहे, व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. चुकलंय ते तिथेच.

मी गेली सोळा वर्षं विद्यार्थ्यांना नॉर्डिक देशांत प्राक्टिकला पाठवते. (डॅनिश आणि स्वीडिश दोन्हींत इंटर्नशिपला हाच शब्द आहे. इथून पुढे तोच वापरते, तूही अर्जात तोच वापर.) कोपनहेगनच्या प्रकाशकाकडे जगभरातून इंग्रजी ई-मेल येत असतात. त्याला इंग्रजी येणारा प्राक्टिकंट, म्हणजे इंटर्न, हवा असेल तर तो रस्त्यापलीकडच्या विद्यापीठात मिळतो, आणि त्याला डॅनिशही येतं. तुझ्याकडे एकच वेगळी गोष्ट आहे: कोल्हापूरची मुलगी आपण होऊन डॅनिश शिकतेय. जेमतेम साठ लाख लोकांची भाषा, आणि ती कुणी हौसेने शिकतंय याचं त्या लोकांना अजूनही नवल वाटतं. हे नवल तुझ्या ई-मेलमध्ये शेवटून दुसऱ्या ओळीत, 'भाषा' या मथळ्याखाली 'डॅनिश: मध्यम' असं लपलंय. तिथवर कोण पोचणार?

म्हणून पहिला सल्ला: ई-मेल डॅनिशमध्ये लिही. तुटक असू दे. 'एन' की 'एत' (डॅनिश नामांची दोन लिंगं) यात दोन चुका असू देत. त्या चुकांमुळेच समोरचा थांबून वाचतो.

दुसरा सल्ला तुला आवडणार नाही. कोपनहेगन सोड.

राजधानीला मी नावं ठेवत नाही, मला स्वतःला ते शहर फार आवडतं. पण तिथल्या ऑफिसात तू तिसऱ्या वाक्याला अडखळलीस की समोरचा इंग्रजीवर येतो. त्यात तुसडेपणा काही नसतो, तुला मदत करावी आणि आपलाही वेळ वाचावा एवढाच हेतू असतो. जेवणाच्या टेबलावर एक परदेशी बसला की सगळं टेबल इंग्रजी बोलू लागतं. आठ आठवड्यांनी तू परत येतेस ती उत्तम इंग्रजी बोलत, आणि डॅनिश होतं तिथेच. असे कितीतरी अहवाल मी वाचलेत. जागा दिमाखदार, फोटो सुरेख, भाषा शून्य.

जिथे इंग्रजी बोलणं लोकांना जड जातं, गैरसोयीचं होतं, तिथे जा. छोट्या गावचं ग्रंथालय, वृद्धाश्रम, बालवाडी, तालुक्याच्या आकाराचं वर्तमानपत्र, होयस्कोलचं स्वयंपाकघर. (होयस्कोल म्हणजे तिथली लोकशाळा, परीक्षा नाहीत, पदवी नाही, सगळे एकत्र राहतात. पहिली १८४४ मध्ये रोडिंगला निघाली.) आणि माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे स्थानिक इतिहासाचं अभिलेखागार.

ही जागा जरा जवळून दाखवते, कारण विद्यार्थ्यांना ती सुचतच नाही. बहुतेकदा ग्रंथालयाच्या तळघरात किंवा जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत असते. पगारी माणूस एखादा, तोही अर्धवेळ. बाकी सगळे सत्तरी ओलांडलेले स्वयंसेवक. आठवड्यातून एक-दोन दुपारी जमतात, थर्मासमधून कॉफी ओततात आणि खोक्यांतून फोटो काढतात. हा कुणाचा वाडा, ही तिसरी बाई कोण, हे लग्न कुठल्या साली, असा वाद घालत बसतात. ठरलं की ते संगणकात नोंदवायचं. डेन्मार्कभरची अशी अभिलेखागारं आर्किबास नावाच्या एकाच प्रणालीत नोंदी करतात आणि त्या सगळ्यांना पाहता येतात. नोंदी करणाऱ्या हातांचा तुटवडा कायमच. आजी-आजोबांना टायपिंगचा कंटाळा, आणि इंग्रजी बोलायचा त्याहून जास्त. तिथे तुला डॅनिश बोलावंच लागतं, आणि तुझं ऐकून घ्यायला लोकांकडे वेळही असतो.

माझी एक विद्यार्थिनी पश्चिम जटलंडमध्ये (जटलंड म्हणजे जर्मनीला लागून असलेला डेन्मार्कचा द्वीपकल्पाचा भाग) अशा ठिकाणी दोन महिने होती. पहिल्या आठवड्यात रडकुंडीला आली, कारण पुस्तकातलं डॅनिश तिथे कुणी बोलतच नव्हतं. 'मी' म्हणायला 'याय' नाही, 'आ' म्हणतात. 'ते घर' म्हणायला प्रमाण भाषेत 'हूसेत', म्हणजे 'ते' सांगणारं उपपद शब्दाच्या शेपटीला. पश्चिम जटलंडात तेच शब्दाच्या आधी येतं: 'ॲ हूस'. ती म्हणाली, मला चुकीची भाषा शिकवली का? मी म्हटलं, तुला पुण्याची मराठी शिकवली आणि तू सावंतवाडीला उतरलीस, एवढंच झालंय. पाचव्या आठवड्यात ती फोटोंखालच्या ओळी एकटीने लिहीत होती. आजोबा त्यात फक्त गावांची नावं दुरुस्त करत.

आता तुझ्याबद्दल, खास तुझ्यासाठी. तू कोल्हापूरची आहेस आणि अर्जात तसं एका शब्दानेही म्हटलेलं नाहीस! डेन्मार्कमधली पहिली सहकारी दूध डेअरी १८८२ मध्ये पश्चिम जटलंडात, ओल्गोदजवळ येडिंग गावी सुरू झाली. (नाव वाचून हसू नकोस. मी मात्र हसले होते.) जवळपासच्या शेतकऱ्यांनी मिळून यंत्र घेतलं, प्रत्येकाच्या दुधाप्रमाणे नफा वाटायचा आणि मत मात्र माणशी एक, गायींच्या संख्येवर नाही, असं ठरवलं. काही वर्षांत ही कल्पना देशभर पसरली. तिथल्या शेतकऱ्यांच्या घडणीत हा धागा इतका खोल आहे की गावोगावच्या अभिलेखागारांत डेअरीचे फोटो, हिशेबाच्या वह्या, सभांची इतिवृत्तं ढिगाने पडलेली असतात. आणि तू येतेस अशा जिल्ह्यातून जिथे गावागावात दूध संस्था आहे, सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन लोक रांगेत उभे असतात, फॅट लागली नाही म्हणून भांडतात, आणि गोकुळची निवडणूक आमदारकीच्या ईर्षेने लढवली जाते. गोकुळ १९६३ चं. हे तुझ्या दृष्टीने इतकं रोजचं आहे की सांगण्यासारखं वाटलंच नसेल. जटलंडातल्या आजोबांना मात्र हे ऐकायला मिळालं तर ते खुर्ची ओढून बसतील. अर्जाचा दुसरा परिच्छेद हाच असू दे: आमच्या गावात दूध कसं गोळा होतं, आणि तुमच्याकडचे डेअरीचे कागद मला का पाहायचेत. पाच-सहा वाक्यं, साधी.

दुधात रस नसेल तर दुसरंही दार आहे. तमिळनाडूतलं तरंगमबाडी, त्यांच्या कागदांतलं त्रांकेबार, १६२० पासून १८४५ पर्यंत डेन्मार्ककडे होतं. त्या काळाचे कागद कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पण ते जुन्या गॉथिक हस्ताक्षरात असतात, ते वाचायला वेगळं शिकावं लागतं आणि तिसऱ्या सेमिस्टरला ते जमत नाही. एमएला गेलीस की आठवण ठेव.

अर्जाची रीत. आपल्याकडचं 'आदरणीय महोदय' तिथे चालत नाही. संस्थेच्या पानावरून माणसाचं नाव शोध आणि पहिल्या नावाने लिही, वय कितीही असो. मराठी माणसाला हे पहिल्यांदा जडच जातं. साठीच्या बाईंना 'तू' म्हणायचं आणि वर नुसतं 'बिर्गिट' म्हणून हाक मारायची! स्वीडनमध्ये तर याला इतिहास आहे. तिथे पूर्वी माणसाला हुद्द्याने आणि तृतीय पुरुषात संबोधायची इतकी गुंतागुंतीची पद्धत होती की लोक बोलायचंच टाळत. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेद हे आरोग्य खात्याचे नवे प्रमुख म्हणून रुजू झाले आणि त्यांनी जाहीर केलं की मी सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारणार. काही वर्षांत देशभर 'दू', म्हणजे 'तू', रूढ झालं. तेव्हा संकोच सोड. पण लक्षात ठेव, 'तू' म्हणणं म्हणजे सलगी नव्हे. अंतर तिथेही असतं, ते सर्वनामात नसतं एवढंच.

अर्ज एका पानाचा. कुठल्या संस्थेला लिहितेस ते पहिल्या दोन ओळींत दिसलं पाहिजे, साठ ठिकाणी तोच मजकूर गेलाय हे लगेच कळतं. स्वतःची स्तुती कमी. आपल्याकडे 'मेहनती, जिद्दी, कोणतीही जबाबदारी पेलणारी' असं लिहितात. तिकडे हे वाचून लोक जरा बिचकतात. काय केलंस ते लिही, कशी आहेस ते त्यांना ठरवू दे. जागेची जाहिरात नसतानाही अर्ज करणं डेन्मार्कमध्ये अगदी रुळलेलं आहे, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. आणि अर्जाआधी फोन करायचा. हो, फोन. दोन मिनिटांचा. 'मी अमुक, तुमच्याकडे प्राक्टिकंट घेता का, कुणाला लिहू?' एवढंच. मग ई-मेलच्या पहिल्या ओळीत 'आपण मंगळवारी बोललो होतो' असं येतं, आणि ती ओळ साठ ई-मेलना भारी पडते.

फोनची भीती वाटते? वाटणारच, आणि ती बहुतेक आकड्यांची असते. डॅनिश फोन नंबर आठ आकडी, आणि ते दोन-दोनच्या जोड्यांत सांगतात. पन्नासच्या पुढे गाडी घसरते. पन्नास म्हणजे 'हाल्ट्रेस', सत्तर 'हाल्फ्येर्स', नव्वद 'हाल्फेम्स'. जर्मन मुलं हे घोकून घोकून रडतात. तुला रडायचं कारण नाही, कारण हे गणित मराठीत आहे. 'हाल्ट्रेस' म्हणजे मुळात 'अर्धा तिसरा, गुणिले वीस'. अर्धा तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा. आपलं अडीच! संस्कृत 'अर्धतृतीय' पासूनच अडीच आलं. तेव्हा पन्नास म्हणजे अडीच विसा. सत्तर म्हणजे 'अर्धा चौथा' गुणिले वीस, आणि 'अर्धचतुर्थ' पासून आपला 'औट' आला, साडेतीन. औटकीचा पाढा आजोबांना विचार, त्यांना येत असेल. औट विसा सत्तर. साडेचार विसा नव्वद. साठ आणि ऐंशी सरळ तीन विसा, चार विसा. शिवाय एकक आधी, दशक नंतर, 'सात आणि सत्तर', म्हणजे आपल्या सत्त्याहत्तरसारखंच. मनात इंग्रजी 'सेव्हंटी-सेव्हन' करून मग डॅनिश करत बसलीस की बोलणारा पुढच्या जोडीवर पोचलेला असतो. मराठीतून थेट ये.

हे मी शहाणपणाने सांगतेय, पण स्वतः आपटून शिकले. विद्यार्थी असताना मी इंग्लंडमधून डेन्मार्कला प्राक्टिकच्या मुलाखतीला गेले. फोनवर वेळ ठरली 'हाल त्रे'. इंग्लंडात 'हाफ थ्री' म्हणजे साडेतीन. मी सव्वातीनला ऐटीत पोचले. 'हाल त्रे' म्हणजे अर्धा तिसरा, अडीच. बाई पाऊण तास वाट पाहून बैठकीला निघून गेल्या होत्या. अडीच हा शब्द लहानपणापासून माझ्या तोंडात, आणि तरी चुकले, कारण मधे इंग्रजी उभी होती. (तू जर्मनीत आहेस, 'हाल्ब ड्राय'ची सवय असेल, तेव्हा तू यातून वाचशील.) ती जागा मला मिळाली नाही.

तारखा. तिथे महिन्याने कुणी बोलत नाही, आठवड्याच्या क्रमांकाने बोलतात. 'तेहतिसाव्या आठवड्यापासून चाळिसाव्यापर्यंत' असं लिही. हाच काळ तुला मी सुचवेन: साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. जर्मनीतलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतं, तोवर आठ आठवडे नेमके बसतात. जुलै सपशेल टाळ. अठ्ठाविसावा ते तिसावा आठवडा डेन्मार्कमध्ये सुट्टीचा, नॉर्वेतही जुलैचे शेवटचे तीन आठवडे तसेच, आणि स्वीडन-फिनलंडमध्ये जुलैत ऑफिसात फक्त झाडांना पाणी घालणारा माणूस सापडतो. जुलैत लिहिलेल्या ई-मेलला यंत्राचं उत्तर येतं आणि तो ऑगस्टच्या ढिगाखाली गाडला जातो. लिहायचं फेब्रुवारी-मार्चमध्ये.

परवान्याकडे वळते. इथे भारतीय मुलं फार फसतात, म्हणून नीट वाच. तुझ्याकडे जर्मनीचा विद्यार्थी परवाना आहे. त्यावर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. फिरता येतं, काम करता येत नाही, आणि प्राक्टिक हे बिनपगारी असलं तरी फिरणं नव्हे. वर्गातला जर्मन किंवा पोलिश मित्र बॅग उचलून जातो, त्याचं पाहून तू जाऊ नकोस. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशामुळे एका देशातल्या विद्यार्थ्याला शिक्षणाचा भाग दुसऱ्या देशात करणं काही अटींवर सोपं झालंय, पण डेन्मार्क त्या निर्देशातून बाहेर राहिलेला देश आहे, आणि नॉर्वे व आइसलँड संघातच नाहीत. डेन्मार्कसाठी तुला तिथल्या 'सिरी' या सरकारी संस्थेकडे प्राक्टिकंटचा वेगळा परवाना मागावा लागेल. त्यासाठी आधी हातात करार हवा, कामाचं वर्णन हवं आणि ते तुझ्या अभ्यासक्रमाशी कसं जुळतं हे लेखी हवं. म्हणजे आधी जागा, मग परवाना, मग घर. हा क्रम उलटा केलेल्या मुलांचं भाड्याचं आगाऊ बुडालेलं मी पाहिलंय. अर्ज करण्याआधी नियम त्या संस्थेच्या पानावरच वाच, सीनियरच्या सांगण्यावर नको.

आरोग्य विम्यातही एक खाच आहे. जर्मन विम्याच्या कार्डामागे युरोपीय कार्ड छापलेलं असतं आणि सगळ्यांना वाटतं ते सगळीकडे चालतं. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना ते डेन्मार्क, नॉर्वे आणि आइसलँडमध्ये चालत नाही. स्वीडन-फिनलंडमध्ये चालतं. त्यामुळे डेन्मार्कला जाताना वेगळा विमा घे, त्यातच अपघात आणि तुझ्या हातून होणारं नुकसान हेही धर. बालवाडी किंवा शाळेत जाणार असशील तर पोलिसांचा दाखला मागतील. भारतातला पासपोर्ट ऑफिसचा दाखला वेळ खातो, आधीच मागवून ठेव.

पैशाबद्दल फार लिहीत नाही. इरास्मुस प्लस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेची प्राक्टिकसाठीची मदत तुला मिळू शकते, विद्यापीठ महत्त्वाचं असतं, पासपोर्ट नव्हे. किमान काळ दोन महिने. इथे सावध: तुझे आठ आठवडे म्हणजे छप्पन दिवस, दोन महिन्यांना थोडे कमी पडतात. करारात चार-पाच दिवस वाढवून घे, नाहीतर सगळी मदत हातची जाईल. त्या पैशात छोट्या गावात खोली आणि जेवण निघतं, कोपनहेगनमध्ये नुसती खोलीही निघणं कठीण. राजधानी सोड म्हणते त्याचं हेही एक कारण.

आणि परवाना वेळेत आलाच नाही तर? तेव्हा जे दार बहुतेकांना दिसत नाही ते दाखवते. फ्लेन्सबुर्ग. सीमेच्या अलीकडे, जर्मनीतच. १९२० च्या सार्वमतात हा भाग जर्मनीकडे राहिला, पण सुमारे पन्नास हजारांचा डॅनिश अल्पसंख्याक समाज तिथे आहे आणि त्यांच्या स्वतःच्या संस्था आहेत: चाळीसहून जास्त शाळा, बालवाड्या, मोठं डॅनिश ग्रंथालय, गावोगाव फिरणारी पुस्तकांची बस, १८६९ पासून निघणारं 'फ्लेन्सबोर आविस' हे दैनिक. कामाची भाषा डॅनिश, देश जर्मनी. म्हणजे डॅनिश परवाना नको, विम्याचा घोळ नको. तुझं प्राक्टिक अभ्यासक्रमात सक्तीचं आहे, त्यामुळे ते जर्मनीतल्या वर्षाला १४० दिवसांच्या कामाच्या मर्यादेतही धरलं जात नाही. इरास्मुसचे पैसे मात्र मिळणार नाहीत, देश बदलत नाही ना. आणि खरं सांगायचं तर तिथे इंग्रजीची जागा जर्मन घेते. मुलं बाईंशी डॅनिश बोलतात आणि पाठ फिरली की आपापसात जर्मन. म्हणून हा माझा दुसरा पर्याय, पहिला नव्हे. पण परवान्याची वाट पाहत सेमिस्टर घालवण्यापेक्षा शंभर पटीने बरा.

स्वीडिश तुझी जोडभाषा आहे म्हणून एक गंमत. स्टॉकहोमच्या बाजूच्या स्वीडिशमध्ये 'र' नंतर 'त, द, न, ल' आले की दोन्ही मिळून ट, ड, ण, ळ होतात. 'बार्न', म्हणजे मूल, उच्चारात 'बाण'. 'पेर्ला', म्हणजे मोती, उच्चारात 'पॅळा'. जर्मन मुलांना हा ळ शिकवताना शिक्षकांच्या नाकी नऊ येतात, तुला तो आईने फुकट दिलाय. फक्त हीच ऐट फिनलंडमधल्या स्वीडिश भागात, म्हणजे वासा किंवा ऑलंड बेटांवर मिरवू नकोस. तिथलं स्वीडिश बरंचसं लिहिल्यासारखं बोलतात, ळ-ण नाही, सुरांचे हेलकावेही नाहीत. नवख्याला ते समजायला सोपं जातं, आणि ऑलंडवर तर कारभाराची भाषाच एकटी स्वीडिश आहे. पुढे स्वीडिशसाठी काही करायचं झालं तर मी स्टॉकहोमच्या आधी मारियेहाम्न, म्हणजे ऑलंडची राजधानी, सुचवेन. आणि हो, तुझ्या वर्गात कुणी फिनिश शिकत असेल तर त्याला सांग, 'तालोस्सा' म्हणजे घरात, 'तालोस्ता' म्हणजे घरातून. मराठी मुलीला पंधरा विभक्तींची भीती घालू नका म्हणावं.

जागा मिळाली असं धर. पहिल्याच दिवशी, कॉफी व्हायच्या आत, सांगून टाक: माझ्याशी डॅनिशच बोला, हळू बोला, मला कळलं नाही तर मी विचारेन. हे मनात ठेवून चालत नाही. इरास्मुसच्या करारात कामाच्या भाषेचा आणि तुझ्या पातळीचा रकाना असतो, तिथे 'डॅनिश' लिहून घे. मग ती तुझी विनवणी राहत नाही, कागदावरची अट होते. कुणी इंग्रजीवर आलंच तर तू डॅनिशमध्येच उत्तर दे. दोन-तीनदा असं झालं की समोरचा आपोआप परततो. एक लक्षात ठेव: कामाचं डॅनिश सोपं असतं, कारण शब्द ठरलेले असतात. कठीण असतं ते जेवणाच्या टेबलावरचं. साडेअकराला सगळे आपापला डबा उघडतात, राईचा काळा पाव आणि वर काहीबाही, आणि एकमेकांना चिमटे काढत बोलतात. तिथे तू पहिले तीन आठवडे मुकी असशील. तरी उठून जाऊ नकोस, कॉम्प्युटरसमोर बसून जेवू नकोस. प्राक्टिक तिथेच होतं. तुझा वाढदिवस त्यात येत असेल तर केक तूच न्यायचा, ते आणणार नाहीत. कामाचा आठवडा ३७ तासांचा, चारला लोक घरी जातात. तू सहापर्यंत बसलीस तर कुणी कौतुक करणार नाही, उलट विचारतील, काम जमत नाहीये का?

रोज संध्याकाळी त्या दिवशी ऐकलेली पाच वाक्यं लिहून ठेव, जशी ऐकलीस तशी. प्राक्टिकचा अहवाल त्यातून आपोआप तयार होतो, वेगळा बसून लिहावा लागत नाही.

घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर देते. ते विचारतात ते काही चुकीचं नाही. पुण्यात अल्फा लाव्हाल, एसकेएफ, सँडविक, ॲटलास कॉप्को अशा स्वीडिश मुळाच्या कंपन्या आहेत, पण त्यांचं इथलं कामकाज इंग्रजीत चालतं. तिथे स्वीडिशच्या बळावर नोकरी मिळेल अशी आशा घरच्यांना लावू नकोस. उपयोग आहे तो तू आहेस तिथे. जर्मनी आणि डेन्मार्क यांच्यात फेमर्न सामुद्रधुनीखाली १८ किलोमीटरचा बोगदा बांधला जातोय, दोन्ही बाजूंचा व्यापार, पवनऊर्जा, पर्यटन, अनुवाद, सगळीकडे दोन्ही भाषा येणारा माणूस लागतो. जर्मन येणारे भरपूर, डॅनिश येणारेही आहेत. दोन्ही येणारे, वर मराठी-हिंदी-इंग्रजी येणारे किती असतील ते घरच्यांनाच मोजू दे. आणि नोकरी देणारा पहिला प्रश्न विचारतो तो असा: डॅनिश वातावरणात काम केलंयस का, की नुसतं वर्गात शिकलीस? जटलंडातल्या तळघरातले दोन महिने तिथे कामाला येतात.

आता कर इतकंच. नकाशा उघड, जटलंडमधली वीस-पंचवीस हजार वस्तीची आणि त्याहून लहान गावं काढ, दहा अभिलेखागारं आणि ग्रंथालयं निवड. साठ नकोत, दहाच. अर्जाचा मसुदा डॅनिशमध्ये लिही आणि शिक्षकांकडून एकदाच तपासून घे. दोनदा नको, अगदी निर्दोष झाला की तो तुझा वाटत नाही. आणि फोन सकाळी दहा ते सव्वाअकरा या वेळात कर. त्यानंतर सगळे डबा खायला जातात.